झॉर्झ लफेव्र : क्रांतीला गावाच्या वेशीवरून पाहणारा इतिहासकार

झॉर्झ लफेव्र (जन्म : ६ ऑगस्ट १८७४, लील, मृत्यू : २८ ऑगस्ट १९५९, बुलोन्य-बियांकूर) हे फ्रेंच राज्यक्रांतीचे विसाव्या शतकातील अग्रगण्य अभ्यासक होत. सॉर्बोन येथे राज्यक्रांतीच्या इतिहासाचे अध्यासन त्यांनी १९३७ ते १९४५ या काळात भूषविले. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास त्यांच्यापूर्वी प्रामुख्याने पॅरिसमधील सभागृहे, वक्ते आणि पक्षोपपक्ष यांच्या अंगाने लिहिला जात असे. लफेव्र यांनी तो खेड्यातील करवसुलीच्या याद्या, जमिनीची खरेदीखते आणि बाजारातील धान्याचे भाव यांच्या आधाराने नव्याने मांडला. त्यांनी काढलेल्या काही निष्कर्षांना पुढे मोठा विरोध झाला. परंतु विरोधकांनीही आपला युक्तिवाद उभारण्यासाठी त्यांच्याच आकड्यांचा आधार घेतला.

पूर्वपीठिका

राज्यक्रांतीच्या अभ्यासाला फ्रान्समध्ये विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आल्फाँस ओलार हे सॉर्बोन येथील या विषयाचे पहिले प्राध्यापक. त्यांनी मूळ कागदपत्रांचे खंडच्या खंड संपादित केले. मात्र त्यांचा रोख राजकीय इतिहासावर होता आणि त्यांचा आदर्श पुरुष दांताँ हा होता. त्यांचे शिष्य आल्बेर मात्ये यांनी गुरूशी उभा दावा मांडून रोबेस्पिएरची बाजू घेतली, रोबेस्पिएरच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था व नियतकालिक सुरू केले आणि दांताँच्या आर्थिक गैरव्यवहारांचा पाठपुरावा केला. या गुरुशिष्यांच्या वादाने एका पिढीचे अभ्यासक दोन तटांत विभागले गेले.

याच सुमारास समाजवादी नेते झां झोरेस यांनी राज्यक्रांतीचा समाजवादी दृष्टीने लिहिलेला इतिहास १९०१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. शेती, कर, व्यापार आणि मजुरी यांना त्यात प्रथमच मध्यवर्ती स्थान मिळाले. झोरेस यांच्याच पुढाकाराने १९०३ मध्ये क्रांतिकाळातील आर्थिक जीवनाची कागदपत्रे शोधून छापण्यासाठी सरकारी आयोग नेमण्यात आला. लफेव्र यांनी झोरेस यांना दुरूनच, गर्दीत उभे राहून पाहिले व ऐकले होते. तरीही आपला खरा गुरू म्हणून ते त्यांचेच नाव घेत.

पंचवीस वर्षांची शिक्षकी

लफेव्र यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील लील या औद्योगिक शहरात एका सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबात झाला. शिष्यवृत्तीच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. लॅटिन व ग्रीक हा त्या काळच्या उच्चभ्रू शिक्षणाचा कणा. लफेव्र मात्र आधुनिक भाषा आणि व्यवहारोपयोगी विषय यांवर भर देणाऱ्या शाखेतून पुढे आले. लील विद्यापीठातील अभ्यासानंतर ते माध्यमिक शाळांत इतिहास शिकवू लागले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांचे आयुष्य या पेशातच गेले.

या वर्षांत त्यांनी दोन कामे हाती घेतली. पहिले म्हणजे विल्यम स्टब्ज या इंग्रज इतिहासकाराच्या इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासाचा फ्रेंच अनुवाद. शार्ल प्ती-द्यूताय्यी यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले त्याचे तीन खंड १९०७ ते १९२७ या काळात निघाले. दुसरे काम अधिक दीर्घ पल्ल्याचे होते. शाळेचे तास सांभाळून ते नॉर या आपल्या प्रांतातील दप्तरखान्यांत बसत आणि क्रांतिकाळातील जमीनधारणेच्या नोंदी उतरवून घेत. बेर्ग या तालुक्याएवढ्या भागातील अन्नधान्य पुरवठ्याची कागदपत्रे त्यांनी संपादित केली. त्यांचा पहिला खंड १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी महायुद्ध भडकले आणि लील शहर चार वर्षे जर्मन ताब्यात राहिले. प्रबंध पूर्ण होण्यास १९२४ साल उजाडले.

नॉर प्रांतातील शेतकरी

‘फ्रेंच राज्यक्रांतीकाळातील नॉरचे शेतकरी’ या शीर्षकाचा हा प्रबंध लफेव्र यांच्या साऱ्या कीर्तीचा पाया होय. क्रांतीने शेतकऱ्याला काय दिले, हा प्रश्न तोवर बहुधा मतांच्या पातळीवर चर्चिला जाई. लफेव्र यांनी तो मोजणीच्या पातळीवर आणला. कोणत्या गावात कोणाची किती जमीन होती, किती कुटुंबे भूमिहीन होती, सरंजामदाराचे देणे किती आणि चर्चचा दशांश कर किती, जप्त झालेल्या जमिनींचा लिलाव झाला तेव्हा त्या कोणी घेतल्या, यांचे तपशील त्यांनी गावोगाव गोळा केले आणि तक्त्यांत मांडले.

१७८९ ते १८०२ या काळात नॉरमधील जमिनीची मालकी कशी बदलली, याचे त्यांनी काढलेले प्रमाण प्रसिद्ध आहे. धर्मसंस्थेकडे सुमारे २० टक्के जमीन होती, ती संपूर्ण गेली. सरदारवर्गाचा वाटा सुमारे २२ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास उतरला. शहरी मध्यमवर्गाचा वाटा सुमारे १६ वरून २८ टक्क्यांवर आणि शेतकऱ्यांचा सुमारे ३० वरून ४२ टक्क्यांवर गेला. शेतकऱ्यांना जमीन मिळाली, हे यातून दिसते. पण ती सर्वांना मिळाली नाही. ज्याच्या गाठीला पैसा होता त्याने लिलावात बोली लावली. खेड्यातील गरिबांचा मोठा भाग भूमिहीन किंवा अत्यल्पभूधारकच राहिला. काही ठिकाणी, विशेषतः कांब्रेझी भागात, गावकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनी खरेदी केल्या आणि बाहेरच्या खरेदीदारांना धाकात ठेवले, अशीही उदाहरणे लफेव्र यांनी नोंदविली आहेत.

या तक्त्यांतून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्या काळी अनपेक्षित होता. शेतकरी हा शहरी पुढाऱ्यांच्या मागे निमूटपणे चालणारा वर्ग नव्हता. त्याची क्रांती स्वतंत्र होती. तिची कारणे, तिचा काळ आणि तिची उद्दिष्टे वेगळी होती. सरंजामी देणी बुडवावीत, ही त्याची मागणी मध्यमवर्गाला काही अंशी मानवणारी होती. परंतु गरीब शेतकऱ्याला आणखीही काही हवे होते. पीक निघाल्यावर शेतात सरवा वेचण्याचा हक्क, कापणीनंतर मोकळ्या रानात गुरे चारण्याची मुभा, गावाची गायराने आणि धान्याच्या दरावर नियंत्रण या त्याच्या मागण्या होत्या. खासगी मालकी, कुंपणबंद शेती आणि मुक्त व्यापार यांचा पुरस्कार करणाऱ्या नव्या सत्ताधाऱ्यांशी त्यांचा सरळ विरोध येत होता. शेतकरी सरंजामशाहीच्या विरोधात उभा होता आणि उगवत्या भांडवली शेतीच्याही विरोधात उभा होता, हे लफेव्र यांचे प्रतिपादन त्यांच्या संपूर्ण कार्यातील सर्वांत टिकाऊ ठरले.

फ्रान्समध्ये शेती मोठ्या भांडवली धर्तीवर गेली नाही आणि लहान शेतकरी दीर्घकाळ टिकून राहिला, याचे एक कारण त्यांना या संघर्षात दिसले. क्रांतीला त्या शेतकऱ्याशी तडजोड करावी लागली होती.

१७८९ ची महाभीती

प्रबंधानंतर लफेव्र यांची क्लेरमाँ-फेराँ विद्यापीठात आणि १९२८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे नेमणूक झाली. स्ट्रासबर्गला त्या वेळी मार्क ब्लॉक आणि ल्यूसियँ फेव्र हे इतिहासकार अध्यापन करीत होते. त्यांनी १९२९ मध्ये सुरू केलेल्या ‘आनाल’ या नियतकालिकाने आर्थिक व सामाजिक इतिहासाला नवे वळण दिले. सामूहिक स्मृतीचा विचार मांडणारे समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्बवाक्स हेही तेथेच होते. या सहवासात लफेव्र यांचे लक्ष लोकांच्या मनातील समजुतींकडे अधिक वळले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘१७८९ ची महाभीती’ हा ग्रंथ त्याचे फळ होय.

बॅस्तिल तुरुंग पडल्यानंतर, २० जुलै ते ६ ऑगस्ट १७८९ या अवघ्या अडीच आठवड्यांत फ्रान्सच्या मोठ्या ग्रामीण भागात एक विलक्षण घबराट पसरली. दरोडेखोरांच्या टोळ्या येत आहेत, उभे पीक कापून नेणार आहेत, गावे जाळणार आहेत, अशी वार्ता गावोगाव धावली. कोठे इंग्रज, कोठे स्पॅनिश, तर कोठे सव्हॉयचे सैन्य चालून येत असल्याचे सांगण्यात आले. चर्चच्या घंटा वाजल्या, पुरुषांनी कोयते, विळे, बंदुका उचलल्या, बायकामुले रानात लपली. दरोडेखोर मात्र कोठेच आले नाहीत. शँपेन भागात तीन हजारांच्या जमावाने ज्या ‘टोळी’चा पाठलाग केला, ती गुरांचा कळप निघाली.

हा सारा प्रकार कोणी तरी जाणूनबुजून घडवून आणला असावा, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. क्रांतिविरोधक क्रांतिकारकांवर आणि क्रांतिकारक सरदारांवर कटाचा आरोप करीत. लफेव्र यांनी कट शोधण्याऐवजी वार्तेचा माग काढला. कोणत्या गावात ती कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणाच्या तोंडून पोहोचली, हे त्यांनी पत्रे, ग्रामसभांचे ठराव आणि स्थानिक इतिहास यांतून जुळवीत नेले आणि भीतीच्या प्रवाहांचे नकाशे तयार केले. ही भीती एकाच वेळी सर्वत्र उद्भवली नव्हती. मोजक्याच ठिकाणी तिचा उगम झाला होता आणि तेथून ती ताशी सुमारे चार किलोमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या चालीने, पुढे सरकली होती. टपालवाले, पाद्री, निरोपे, भयभीत प्रवासी हे तिचे वाहक होते. ब्रिटनीसारखे काही प्रांत तिच्यापासून जवळजवळ अलिप्त राहिले.

भीती पटण्याजोगी का वाटली, याचे उत्तर त्यांनी परिस्थितीत शोधले. १७८८ चे पीक बुडाले होते. त्या वर्षीच्या १३ जुलैच्या गारपिटीने मोठ्या भागातील शेती झोडपली होती. १७८९ च्या जुलैत, नवे पीक हाती येण्याच्या तोंडावर, पावाचा भाव शिगेला पोहोचला होता. कामाच्या शोधात व भीक मागत फिरणाऱ्यांचे तांडे रस्त्यांवर होते आणि उभ्या पिकाच्या मालकाला त्यांच्यात दरोडेखोर दिसत होता. त्यातच राज्यसभेतील घडामोडींमुळे सरदारवर्ग सूड उगविणार, ही धारणा बळावली होती. व्हझूल शहराजवळील कँसी येथे १९ जुलैला एका सरदाराच्या वाड्यावर दारूगोळ्याचा स्फोट होऊन काही गावकरी मरण पावले. हा अपघात होता. परंतु सरदाराने लोकांना बोलावून मुद्दाम उडविले, अशी बातमी देशभर पसरली.

एक महत्त्वाचा भेदही लफेव्र यांनी स्पष्ट केला. सरंजामदारांच्या वाड्यांवरील हल्ले आणि देण्यांच्या वह्यांची होळी हे प्रकार अनेक प्रांतांत महाभीतीच्या आधीच सुरू झाले होते. भीतीने उठाव घडविले, असे सरसकट म्हणता येत नाही. दोफिने प्रांत हा त्यातील ठळक अपवाद. भीतीचे खरे कार्य निराळे होते. काल्पनिक शत्रूसाठी शस्त्र घेतलेल्या गावांना आपल्या एकीची जाणीव झाली आणि ती एकी खऱ्या सरंजामदाराच्या दिशेने वळली. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांच्या समाप्तीची घोषणा केली ती या पार्श्वभूमीवर. अनेक देणी मात्र मोबदला देऊनच सोडवून घ्यावयाची होती. शेतकऱ्यांनी ती देण्याचेच नाकारले आणि अखेर १७ जुलै १७९३ च्या कायद्याने ती विनामोबदला रद्द झाली.

जमावाचे मानस

क्रांतिकारी जमाव हा अविवेकी, रक्तपिपासू झुंडीसारखा असतो, असे चित्र इप्पोलित तेन आणि ग्यूस्ताव्ह ल बाँ यांनी रंगविले होते. १९३२ मध्ये वाचलेल्या व १९३४ मध्ये छापलेल्या एका निबंधात लफेव्र यांनी त्याला उत्तर दिले. बाजाराला आलेली, प्रार्थनेनंतर चर्चबाहेर रेंगाळलेली किंवा पावासाठी रांगेत उभी असलेली माणसे म्हणजे निव्वळ घोळका नव्हे. रोजच्या बोलण्याचालण्यातून त्यांच्यात एक सामाईक मनोधारणा आधीच तयार झालेली असते. एखादी बातमी येताच त्या घोळक्याचे कृतिशील जमावात रूपांतर होते. क्रांतिकाळातील या मनोधारणेत त्यांना आशा, भीती आणि शत्रूला शासन करण्याची इच्छा हे तीन धागे गुंफलेले दिसले. पुढील दहशतपर्वाची मुळेही त्यांनी याच मनोधारणेत शोधली. या स्पष्टीकरणात दहशतीच्या बळींना पुरेसे स्थान मिळत नाही, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

सॉर्बोन आणि जाळलेले पुस्तक

मात्ये यांचे १९३२ मध्ये आकस्मिक निधन झाले. त्यांनी स्थापिलेल्या संस्थेची आणि नियतकालिकाची धुरा लफेव्र यांच्याकडे आली. १९३५ मध्ये ते पॅरिसला आले. त्याच वर्षी नेपोलियनवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३७ मध्ये राज्यक्रांतीच्या इतिहासाचे अध्यासन त्यांना मिळाले आणि सॉर्बोनमध्ये त्या विषयाची संशोधनसंस्थाही उभी राहिली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

राज्यक्रांतीच्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९३९ मध्ये त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी ‘एकोणनव्वद’ हे पुस्तक लिहिले. १७८९ मध्ये एक नव्हे, चार क्रांती एकापाठोपाठ झाल्या, अशी त्याची मांडणी आहे. राजाच्या करसुधारणांना अडविणाऱ्या सरदारवर्गाने पहिली ठिणगी टाकली. मग मध्यमवर्गाने सभागृहात सत्ता घेतली. बॅस्तिलच्या निमित्ताने शहरी जनतेने ती वाचविली. आणि शेतकऱ्यांनी गावोगावची जुनी व्यवस्था मोडली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे समर्थन करून हे पुस्तक संपते.

पुढच्याच वर्षी फ्रान्सचा पाडाव झाला. जर्मनीधार्जिण्या व्हिशी राजवटीला हे पुस्तक मानवणे शक्य नव्हते. तिच्या आदेशाने त्याच्या सुमारे ८,००० प्रती जाळण्यात आल्या. लफेव्र यांचे धाकटे बंधू तेओदोर हे भूगोलाचे प्राध्यापक होते. प्रतिकार चळवळीतील सहभागाबद्दल नाझींनी १९४३ मध्ये त्यांचा शिरच्छेद केला. स्ट्रासबर्गचे सहकारी मार्क ब्लॉक १९४४ मध्ये गेस्टापोच्या गोळ्यांना बळी पडले. जाळलेले पुस्तक मात्र संपले नाही. अमेरिकन इतिहासकार आर. आर. पामर यांनी १९४७ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगात लफेव्र हे नाव मुख्यतः त्या अनुवादामुळे पोहोचले.

शिष्यपरंपरा आणि वाद

१९४५ मध्ये निवृत्त झाल्यावरही लफेव्र यांचे मार्गदर्शन चालू राहिले. पॅरिसमधील सामान्य क्रांतिकारकांवर १९५८ मध्ये प्रबंध सिद्ध करणारे आल्बेर सोबूल, पोलिसांच्या नोंदींतून क्रांतिकारी जमावातील माणसांचे व्यवसाय शोधून काढणारे जॉर्ज रूडे आणि क्रांतिसेनांचा इतिहास लिहिणारे रिचर्ड कॉब हे तिघे त्यांच्या प्रभावाखाली घडले. तळातून पाहिलेला इतिहास ही पुढे सर्वत्र रूढ झालेली कल्पना आरंभी वापरणाऱ्यांत लफेव्र यांची गणना होते.

विरोधही त्यांच्या हयातीतच सुरू झाला. १९५४ मध्ये लंडन येथील एका व्याख्यानात आल्फ्रेड कोबन यांनी ‘मध्यमवर्गाची भांडवली क्रांती’ ही कल्पनाच मिथक असल्याचे प्रतिपादन केले. सभागृहातील क्रांतिकारक कारखानदार वा व्यापारी नव्हते. ते बहुतांशी वकील आणि सरकारी अधिकारी होते. सरंजामी देणी त्यांनी स्वखुशीने सोडली नाहीत. शेतकऱ्यांनी ती सोडावयास लावली. आणि ज्या क्रांतीतून लहान शेतकरी अधिक बळकट झाला तिला भांडवलशाहीचा विजय कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. या सवालामागची माहिती बऱ्याच अंशी नॉरच्या प्रबंधातूनच आली होती. लफेव्र यांनी कोबन यांना लेखी उत्तर दिले. तथापि १९६० नंतर, विशेषतः फ्रांस्वा फ्युरे यांच्या लेखनानंतर, वर्गसंघर्षावर आधारलेले स्पष्टीकरण मागे पडत गेले. फ्रेंच वसाहतींतील गुलामांचा प्रश्न लफेव्र यांच्या मांडणीत कडेला राहतो, हीदेखील तिची एक मर्यादा आहे.

भारतीय इतिहासलेखनाशी त्यांचा धागा जुळतो तो अफवेच्या अभ्यासातून. रणजित गुहा यांनी वसाहतकालीन शेतकरी उठावांवरील आपल्या १९८३ च्या ग्रंथात उठावाच्या प्रसाराचे साधन म्हणून अफवेचा विचार करताना महाभीतीवरील ग्रंथाचा आधार घेतला. शेतकऱ्याच्या बंडाला त्याचा स्वतःचा विचार असतो, हे त्यांचे सूत्र लफेव्र यांच्या भूमिकेला जवळचे आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये, सुप्यापासून सुरुवात होऊन, कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्या घटनेकडे निव्वळ दंगल म्हणून न पाहता कोणता कागद जाळला आणि का, असे विचारण्याची वाट या परंपरेने रुंद केली.

अखेरची वर्षे

वृद्धापकाळीही लफेव्र यांनी दप्तरखान्यांचे काम सोडले नाही. १९५१ मध्ये राज्यक्रांतीवरील त्यांच्या सर्वसमावेशक ग्रंथाची नवी, संपूर्ण पुनर्लिखित आवृत्ती निघाली. १७८९ च्या राज्यसभेच्या कामकाजाच्या मूळ कागदपत्रांचे संपादनही त्यांनी सुरू केले होते. ओर्लेआँ शहर व परिसराच्या समाजरचनेवर ते अखेरपर्यंत काम करीत होते. त्याचे दोन खंड त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मांडणीविरुद्धच्या वादाला नुकतीच धार चढू लागली होती. त्या वादात त्यांचे सिद्धांत बरेच झिजले. नॉरचे तक्ते आणि महाभीतीचे नकाशे मात्र आजही वापरात आहेत. रोगाच्या साथी कशा पसरतात हे सांगणारी गणिती प्रारूपे अलीकडे संशोधकांनी त्याच नकाशांतील गावांना आणि तारखांना लावून पाहिली आहेत.